अंगण वाकडं

त्याच्या उस्तादानं त्याला 'ओळंबा' म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव असं चिकटलं की पुढे सासऱ्यानंही लग्नाच्या बैठकीत खऱ्या नावाची चौकशी केली नाही. ओळंबा म्हणजे भिंत सरळ उभी राहतेय का ते बघायला गवंडी दोरीला बांधून सोडतो तो लोखंडी गोळा. हा पोरगा काही गवंडी नव्हता, कार्पेट बसवायच्या दुकानात उमेदवारीला लागला होता. पहिल्याच दिवशी उस्तादानं त्याला खडू दिला आणि म्हणाला, "या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रेघ मार." पोरानं ना दोरी मागितली ना पट्टी. वाकला आणि रेघ ओढत गेला. उस्तादानं मागाहून दोरी लावून पाहिली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "हा माणूस नाही, ओळंबा आहे."

हातात असा गुण असला की पोटाला कमी पडत नाही. ओळंब्यानं लोकांच्या दिवाणखान्यांत, वकिलांच्या कचेऱ्यांत, एका नाटकगृहाच्या जिन्यावर कार्पेट बसवलं. पण त्याच्या आयुष्याला वळण दिलं ते टेनिस क्लबच्या हॉलनं.

क्लबची बाहेर दोन कोर्टं होती, लाल मातीची. थंडीच्या महिन्यांत पाऊस आणि दवानं ती चिखलून जायची, म्हणून क्लबनं शेजारी पत्र्याचा उंच हॉल उभारला आणि आत तीन कोर्टं आखली. खाली काय घालायचं यावर कमिटीत बरीच वादावादी झाली. त्या काळात बंदिस्त कोर्टावर कार्पेट घालणं म्हणजे शान समजली जायची. हिरवं, आखूड लवेचं, विटेसारखं घट्ट कार्पेट. काम उस्तादाला मिळालं आणि नेमकी त्याच आठवड्यात उस्तादाची कंबर धरली. खाटेवर पडल्या पडल्या तो म्हणाला, "ओळंब्या, जा. आणि हे बघ, सांधा दिसला तर मला तोंड दाखवू नकोस."

झाडाच्या बुंध्याएवढे रोल आले. ते उलगडायचे, पसरू द्यायचे, कडा कापायच्या, गोंद फासायचा, मग दोन पट्ट्या अशा जोडायच्या की मधून केससुद्धा जाऊ नये. कोर्टाच्या पांढऱ्या रेघा रंगवायच्या नव्हत्या. हिरव्यात फट कापून तिच्यात पांढरी पट्टी बसवायची होती. हे सगळं काम गुडघ्यांवर. सकाळी हॉलमध्ये शिरला की तो खाली बसायचा तो थेट संध्याकाळी उठायचा.

हॉलच्या कोपऱ्यात चहाचं काउंटर होतं. ते चालवायला एक मुलगी आली होती आणि उद्घाटनाआधी ती फळ्यांना रंग देत होती. तिला दिवसभर दिसायचे ते या माणसाच्या पायांचे तळवे आणि पाठ. तिसऱ्या का चौथ्या दिवशी तिनं तिथूनच हाक मारली, "अहो, चहा झालाय. जिवंत असाल तर हात वर करा!"

एका रोलमागून हात वर आला.

पुढे सगळी हकिगत ती मोठ्या चवीनं सांगायची. "लग्न ठरेपर्यंत यांचा चेहरा मी जेमतेम पाहिला होता. तळपाय मात्र तोंडपाठ होते."

काम संपलं. उस्ताद काठी टेकत आला, हॉलभर फिरला, वाकून सांधे शोधले, सापडले नाहीत. ओळंब्याच्या खांद्यावर त्यानं एक थाप मारली आणि निघून गेला. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र त्या दुकानात कोणाला मिळालेलं नव्हतं.

मग उद्घाटन. क्लबच्या अध्यक्षांनी पहिली सर्व्हिस केली. समोर दातांचे एक तरुण डॉक्टर उभे होते, ताडासारखे उंच. चेंडू पडला, आणि वर यायच्या ऐवजी जमिनीला घासत सुळकन त्यांच्या रॅकेटखालून निघून गेला. लोक हसले. दुसराही तसाच गेला. लोक पुन्हा हसले, पण जरा कमी. तिसऱ्या चेंडूला डॉक्टर पुढे झेपावले, त्यांचा बूट कार्पेटला धरून बसला, बाकीचा माणूस तसाच पुढे गेला आणि कोपरावर आपटला. उठले तेव्हा कोपराची सालं निघालेली. सावरायला म्हणून त्यांनी जाळ्याच्या लोखंडी खांबाला हात लावला, तर 'चट्' करून झटका बसला. हवा कोरडी असली की त्या कार्पेटवर चालून चालून अंगात वीज साठायची, ही गंमत तेव्हा कोणालाच माहीत नव्हती.

त्या दिवसापासून त्या हॉलमध्ये जितके चेंडू मारले गेले, त्याहून जास्त शिव्या दिल्या गेल्या. खेळाडूंना आवडत नसलेली कोर्टं पुष्कळ असतात. कुठे भेगा असतात, कुठे वाळू, कुठे गवतात खड्डे. पण तीन क्लब हिंडून आलेला माणूससुद्धा इथे चहा पिताना म्हणायचा, "नाही हो, यासारखं हेच." चेंडू वर येत नाही, घसरावं तर पाय अडकतो, थांबावं तर पाय घसरतो, पडावं तर कातडी सोलते. थंडीत दुसरीकडे कुठे खेळायची सोय नव्हती, म्हणून सगळे यायचे. आणि खेळ झाला की काउंटरवर येऊन बोलायचे.

काउंटरवर ओळंब्याची बायको. सगळे तिला काकू म्हणायचे. कार्पेट कोणी बसवलंय हे तिनं कधी कोणाला सांगितलं नाही. ऐकायची, चहा द्यायची, आणि घरी येऊन नवऱ्याला वाढता वाढता वाचून दाखवावं तसं सगळं सांगायची.

"आज डॉक्टर म्हणाले, चेंडू नाही तो, साप आहे साप. फणा काढतच नाही, नुसता सरपटतो."

"हं."

"आणि गणिताच्या बाई म्हणाल्या, ज्यानं हे घातलं त्याला जन्मभर यावर अनवाणी पळवा."

"बूट बघ आधी त्यांचे," ओळंबा म्हणायचा. "सपाट तळव्याचे बूट घाला म्हणून दारावर पाटी आहे. वाचतं कोण? नाचता येईना, अंगण वाकडं!"

"अंगण तुम्ही घातलंय, म्हणून तुम्हाला सरळ दिसतं," ती म्हणायची आणि आमटीत भाकरीचा तुकडा बुडवावा तसा शब्द बुडवून पुढच्या विषयाकडे वळायची.

क्लबनं कार्पेटच्या डागडुजीचं काम त्यालाच दिलं होतं. अधूनमधून तो डबा आणि सुरी घेऊन यायचा, कडा दाबायचा, झिजलेली पांढरी पट्टी बदलायचा. खेळाडू त्याला 'गोंदकाका' म्हणायचे आणि त्याच्या डोक्यावरून बिनदिक्कत कार्पेटच्या नावानं बोटं मोडायचे. तो मान वर करायचा नाही. मनात म्हणायचा, सांधा शोधून दाखवा एक.

त्यांना एकच मुलगी. ती काउंटरखालीच वाढली म्हणायला हरकत नाही. चालायला लागली तशी तिनं एक उद्योग शोधून काढला. पायांत लोकरीचे मोजे घालून कार्पेटवर घासत घासत यायची आणि बेसावध उभ्या असलेल्या माणसाच्या बोटाला बोट लावायची. चट्! लोक दचकायचे, ही खिदळत पळायची. तिचं नाव पडलं ठिणगी.

ठिणगीला कोणीतरी टाकून दिलेली रॅकेट मिळाली आणि ती जी खेळायला लागली ती खेळतच राहिली. बाहेरच्या लाल मातीवर तर तिचं पाखरू व्हायचं. लांब घसरत जायची, चेंडू उंच उठायचा, तिला विचार करायला वेळ मिळायचा. पण थंडी आली की आत. आत तिचा खेळ आवळल्यासारखा व्हायचा. क्लबाक्लबांच्या स्पर्धेत ती अंतिम सामन्यापर्यंत गेली, आणि तो सामना नेमका हॉलमध्ये आला. समोरची मुलगी तिच्या निम्म्यानंही चांगली नव्हती. नुसते सपाट, जोरदार फटके मारत होती आणि कार्पेट बाकीचं काम करत होतं. ठिणगी हरली.

रात्री जेवताना तिनं ताट पुढे सरकवलं. "जगात याच्याइतकं घाणेरडं कोर्ट नाही."

बाप म्हणाला, "जी जिंकली तीही त्याच कोर्टावर खेळली ना? नाचता येईना..."

"बाबा, पुरे!" ठिणगीचा आवाज चढला. "तू त्या कोर्टावर एक चेंडू तरी मारलायस का आजवर? एक? उद्या ये माझ्याबरोबर. मग सांग कोणाचं अंगण आणि कोणाचं नाचणं."

"येतो की. त्यात काय."

"अहो, गुडघे बघा स्वतःचे," बायको म्हणाली. पण बापलेक दोघंही एकाच मातीचे होते. ठरलं म्हणजे ठरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल रिकामा होता. बायको काउंटरवर कोपरं टेकून पंच झाली. ओळंबा कामाचेच बूट घालून, हातात रॅकेट झाडूसारखी धरून रेघेवर उभा राहिला. आणि तिथेच त्याला काहीतरी चमत्कारिक वाटलं. या कार्पेटचा वीत-वीत तुकडा त्याला ओळखीचा होता, पण गुडघ्यांना. त्यावर उभं राहून त्यानं कधी समोर पाहिलंच नव्हतं.

ठिणगीनं पहिला चेंडू हळूच दिला. तो पडला, आता वर येईल म्हणून ओळंब्यानं कमरेशी रॅकेट धरली, आणि चेंडू घोट्याजवळून निघून गेला.

"आणखी एक," तो म्हणाला.

तोही तसाच. आणखी एक. मग त्याला चीड आली. पुढचा चेंडू आला तसा तो धावला, आणि उजवा बूट कार्पेटनं असा पकडला की कोणी घोटा धरून ठेवावा. तो आडवा झाला. कोपर घासत हातभर गेलं.

"बाबा! लागलं?" ठिणगी जाळ्यावरून उडी मारून आली.

तो उठून बसला. कोपराकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. तळहातानं कार्पेट चाचपलं, इकडे, तिकडे, पट्टीच्या कडेला. "सांधा तर कुठे सुटलेला नाही," तो पुटपुटला.

ठिणगी त्याच्या शेजारी बसली. रात्रीचा राग आता उतरला होता. "सांधा कधीच सुटलेला नव्हता, बाबा. सांधा कोणाला सापडणारही नाही. तुझं काम चांगलंच आहे रे. वस्तूच तशी आहे."

बायकोनं कोपराला मलम लावलं. पुढचे काही दिवस तो घरात असा मान खाली घालून वावरत होता की बायकोनं त्याला टोमणा मारायचंही सोडून दिलं. मग एकदा भाजी निवडता निवडता तो आपण होऊन म्हणाला, "कोणीतरी मोत्यांसारख्या अक्षरात शिवी लिहून ठेवावी, तसं केलंय बघ मी."

बायको हसली नाही. निवडलेली भाजी तिनं आपल्याकडे ओढून घेतली आणि म्हणाली, "लिही म्हणणारे दुसरे होते. तुम्ही अक्षर काढलंत. आणि त्या अक्षरापायी मी तुमच्या पदरात पडले, हे विसरलात वाटतं?"

"नाही. तेवढं एक बरं झालं."

"तेवढं एक म्हणे!"

त्यानंतर ओळंब्याचं हॉलमधलं वागणं बदललं. डॉक्टर चेंडूला शिव्या देत आले की तो खालून मान वर करून म्हणायचा, "खरं आहे डॉक्टर. वरच येत नाही मेला." डॉक्टर बुचकळ्यात पडायचे. रोज सकाळी येऊन तो एका राठ ब्रशनं कार्पेटची लव उलटी उभी करायला लागला. त्यामुळे चेंडू जरा जास्त उसळतो असं त्याचं म्हणणं होतं. दुसऱ्या कोणाला काही फरक जाणवला नाही, पण त्याला थांबवणं सगळ्यांच्याच जिवावर आलं.

वर्षं गेली. डॉक्टरांचे केस पिकले, गणिताच्या बाई निवृत्त झाल्या, ओळंब्याच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. दुकान त्यानं बंद केलं. ठिणगी मोठी होऊन त्याच क्लबात मुलांना शिकवायला लागली आणि पुढे कमिटीवरही आली. मोठ्या स्पर्धांमधून कार्पेट केव्हाच हद्दपार झालं होतं. एका संध्याकाळी ती बैठकीतून थेट आईबापाच्या घरी आली, खुर्चीत बसली, आणि चहात साखर नसतानाही चमचा ढवळत राहिली.

"ठरलं वाटतं," ओळंबा म्हणाला.

"हो. कार्पेट काढायचं. निळं हार्ड कोर्ट करायचं."

"तू हात वर केलास?"

तिनं चमचा खाली ठेवला. "सगळ्यात आधी."

तो म्हणाला, "बरं केलंस. मी असतो तर मीही केला असता." आणि जरा थांबून, "दोन्ही."

कार्पेट काढायला बाहेरून माणसं आली, मशीन घेऊन. बायको म्हणाली, "तुम्ही जाऊ नका. आपलं केलेलं उखडताना कशाला बघायचं?" पण पाय घरात ठरेनात. तो जाऊन काउंटरपाशी बसला, चहाचा कप घेऊन.

तिथे वेगळाच तमाशा चालला होता. कार्पेट निघत नव्हतं. वरची लव चिंध्या चिंध्या होऊन यायची आणि तळ तसाच जमिनीला चिकटून राहायचा. मशीनची पाती बोथट झाली. नवीन घातली, तीही झाली. कोर्ट रंगवणारे लोक ठरलेल्या दिवशी येणार होते, म्हणून ठिणगीनं सभासदांना हाक दिली आणि संध्याकाळी सगळे खरवडण्या घेऊन जमले. डॉक्टर चार पायांवर, गणिताच्या बाई स्टुलावर, आणि आणखी कोण कोण. डॉक्टर दोन्ही हातांनी एक टोक ओढत होते. ते सुटलं, पण तळ नाही निघाला, आणि डॉक्टर मागे जाऊन बसले.

"आयुष्यभर दात उपटले," ते धापा टाकत म्हणाले, "पण असलं मूळ पाहिलं नाही! कोणी बसवलं होतं हे?"

मशीनवाला मुकादम घाम पुसत म्हणाला, "तेच म्हणतो मी. त्या माणसाला शोधून आणा. मला त्याचे पाय तरी धरायचेत, नाहीतर गळा तरी."

इतकी वर्षं तोंड मिटून बसलेल्या काकूंना आता राहवेना. "शोधायला कशाला जायला हवं?" त्या काउंटरवरून म्हणाल्या. "तो काय, चहात बिस्कीट बुडवतोय."

सगळ्या माना वळल्या. ओळंब्याचं बिस्कीट चहात पडलं.

"गोंदकाका?" गणिताच्या बाई उठून उभ्या राहिल्या. "तुम्ही? अहो, म्हणजे आम्ही इतकी वर्षं तुमच्यासमोर... आणि काकू, तुमच्यासमोर...!"

"चालायचंच," ओळंबा म्हणाला. "रोज घरी बातम्या यायच्या. डॉक्टरांच्या शिव्यांत जी विविधता होती ती कोणात नव्हती. सापाची तर फारच छान."

आधी कोणीतरी खुदकन हसलं आणि मग अख्खा हॉल हसायला लागला. डॉक्टरांचे कान लाल झाले होते. ते गुडघे झटकत आले. "काका, मला माफ..."

"माफी कसली? चेंडू वर येत नव्हता हे खरंच होतं. माझ्या कोपरालाही ठाऊक आहे."

"पण हा गोंद एवढा का?" मुकादमानं विचारलं. त्याला त्या वेळी दुसरं काही सुचत नव्हतं.

ओळंबा ओशाळला. "पहिलंच एकट्यानं केलेलं काम होतं. उस्ताद म्हणाला होता, सांधा दिसला तर तोंड दाखवू नकोस. भीतीपोटी दुप्पट लावला."

मग तोही उठला. गुडघे टेकता येत नव्हते, म्हणून लहान मुलांचं स्टूल घेऊन बसला. मुकादमाकडे गरम हवा फेकणारं एक यंत्र होतं. ते घेऊन ओळंबा सांधा तापवायचा आणि डॉक्टर ओढायचे. सोपं काही झालं नाही. गोंदानं कोणाला दाद दिली नाही, ज्यानं लावला त्यालाही नाही. संध्याकाळमागून संध्याकाळ सगळे येत राहिले, बोटं पोळली, नखं तुटली, काकूंचं चहाचं पातेलं चुलीवरून उतरेना. थंडीच्या दिवसांत समोरासमोर उभं राहून एकमेकांना फक्त हरवणारी ही माणसं पहिल्यांदाच एका बाजूला बसून एकच गोष्ट ओढत होती. गणिताच्या बाईंनी ओळंब्याला एका पट्टीचा सांधा बोटानं दाखवायला सांगितलं, चष्मा कपाळावर चढवून जवळून पाहिला, आणि म्हणाल्या, "इतकं सुंदर काहीतरी मी रोज तुडवत होते आणि शिव्या घालत होते."

शेवटची पट्टी निघाली तेव्हा खाली नुसती करडी, डागाळलेली फरशी उरली. हॉलमधला आवाजही बदलला होता. कोणी शिंकलं तरी छपरापर्यंत घुमायचं. ओळंबा मधोमध जाऊन उभा राहिला. ठिणगीनं येऊन त्याच्या हातात हात घातला.

"वाईट वाटतंय?"

त्यानं खरोखर विचार केला. "वाटायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "पण हलकं वाटतंय. हॉल मोठा आहे, नाही गं? मला कधी कळलंच नाही."

निळं कोर्ट झालं. दृष्ट लागेल असं झालं. पहिले काही आठवडे सगळे लहान मुलांसारखे खेळले. मग काकूंच्या काउंटरवर हळूहळू नवी बातमी येऊ लागली. गुडघे दुखतात. टाचा दुखतात. दगडावर उड्या मारल्यासारखं वाटतं. ओळंबा घरी ते ऐकायचा, आणि ताटावर मान खाली घालून एवढा हसायचा की त्याला ठसका लागायचा.

ऊन पडायला लागलं तसं डॉक्टरांनी त्याला बाहेरच्या लाल मातीवर ओढून नेलं. पळायचं नाही, जाळ्याच्या जवळ उभं राहून हळू हळू टोलवायचं, एवढ्याच बोलीवर तो तयार झाला. चेंडू पडला की उठून त्याच्या हाताशी येत होता. पहिल्याच दिवशी त्यानं दोन-चार फटके परतवले आणि मागे वळून पाहिलं, कोणी बघतंय का. काउंटर बंद करून बायको येऊन उभी होती.

"द्या इकडे," ती म्हणाली. "जन्मभर नुसतं बघतेय मी."

साडीचा पदर खोचून तिनं रॅकेट घेतली. इतकी वर्षं एकाच कोपऱ्यातून सगळ्यांचे खेळ बघितलेल्या त्या बाईला चेंडू कुठे जाणार हे तो निघायच्या आधीच कळायचं. धावायची ती जराही नाही. समोरच्याला मात्र पळवून पळवून घाम काढायची. आधी तिनं नवऱ्याला हरवलं, मग डॉक्टरांना. ठिणगी कट्ट्यावर बसून पोट धरून हसत होती.

आता रविवारी सकाळी दोघं क्लबात जातात. काकू खेळतात, ओळंबा जाळ्याशी उभा राहून हाताशी येतील तेवढे चेंडू परतवतो. घरी येताना तिच्या बुटांतून आणि मोज्यांतून बशीभर लाल माती येते, आणि ती झाडून काढायचं काम त्याच्याकडे आहे.